'लातुम' कुणी चोरलं?

रोम, सप्टेंबरच्या इड्सचा आदला दिवस

लुसियस पोपिडियसकडून पोपिडियाताईस.

तू बरी असशील तर उत्तम. मी बरा नाही. अक्षर पाहून दचकू नकोस. हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. कुठे ओळीवर ओळ चढली असेल, कुठे नुसताच शाईचा ओघळ असेल, तिथे तुझं डोकं चालव. एरवी माझी पत्रं थॅलसच्या सुबक अक्षरात येतात. आज त्याला मी मुद्दाम नदीपलीकडे चामडेवाल्याकडे पिटाळलंय, कारण हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाल्याचं तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. अधू नाहीत, गेलेच आहेत. उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं. पुस्तक समोर धरलं तर ते पुस्तक आहे की पोळपाट हे हाताला विचारावं लागतं. रोममध्ये ही गोष्ट फक्त थॅलसला ठाऊक आहे. व्याकरणाचा गुरुजी आंधळा झाला म्हटल्यावर कुठला बाप पोरं पाठवील? शाळेत मी सगळं तोंडपाठ म्हणतो, थॅलस मागे उभा राहून पाट्या तपासतो, आणि मी मान डोलावतो. आलेली पत्रं तोच मला वाचून दाखवतो, मी सांगितलेली तोच लिहितो. मी कुणाच्या मुठीत आहे ते आलं ना लक्षात?

आता ऐक. 'फेरो'वरचं माझं पुस्तक तुला माहीत आहे. वसंतात त्याची एक प्रत जपून ठेवायला तुझ्याकडे पाठवली होती. अकरा वर्षांचं काम आहे ते. 'मी वाहतो' ते फेरो, 'मी वाहिलं' ते तुली, आणि 'वाहिलेलं' ते लातुम. फेरो, फेर्स, फेर्त. तुली, तुलिस्ती, तुलित. पोरं छड्या खाऊन घोकतात नि मोकळी होतात. पण एकाच क्रियापदाची ही तीन रूपं एकमेकांचं तोंडसुद्धा का ओळखत नाहीत, हे कुणी धड सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. तुली मुळात 'उचलणे' या क्रियापदाच्या घरचं. फेरोच्या घरात भूतकाळच नव्हता म्हणून दत्तक आलेलं. आणि लातुमही त्याच उचलण्याच्या घरचं, मूळचं 'त्लातुम', तोंडाशी असलेला 'त' झिजून गेलेला. तो 'त' म्हणजे माझ्या पुस्तकाचा जीव आहे.

परवा नेरॅटियसने स्नानगृहाच्या दालनात व्याख्यान दिलं. तोच नेरॅटियस, माझ्यासारखाच व्याकरणाचा गुरुजी, आवाज शेळीचा आणि ऐट हत्तीची. मी मागच्या बाकावर होतो. बोलता बोलता तो लातुमवर आला, आणि त्याने तो 'त' मांडला! माझा 'त', माझ्याच वाक्यात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. थॅलस माझ्या शेजारी बसला होता. तो एक अक्षर बोलला नाही.

पुस्तक मी अजून बाहेर काढलेलं नाही. ते तीनच जागी आहे: माझ्या डोक्यात, थॅलसच्या बोटांत आणि तुझ्या पेटीत. मग सांग, चोर कोण?

जानेवारीच्या पहिल्या दिवशी थॅलसला तीस पुरी होतील. त्या दिवशी त्याला न्यायाधीशापुढे नेऊन गुलामीतून मोकळं करायचं मी वचन दिलंय. पण कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर कसलं वचन? बोकस नावाचा एक दलाल आहे, पिठाच्या गिरण्यांना माणसं पुरवतो. त्याला निरोप धाडण्याच्या बेतात आहे.

एकच विचारतो. तुझ्याकडची प्रत कुणी पाहिली का? उत्तर थॅलसच वाचणार, म्हणून सरळ लिहू नकोस. कुणी पाहिली नसेल तर लिही, अंजीर छान वाळले. पाहिली असेल तर लिही, अंजिरांना बुरशी लागली. तुझ्या या तीन शब्दांवर त्याचं पुढचं आयुष्य ठरेल, म्हणून जपून लिही.


पाटावियम, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात

पोपिडियाकडून भाऊ लुसियसला, आणि हे वाचून दाखवणाऱ्या थॅलसलाही, खुशाली.

तुमचं दोघांचं बरं असेल असं धरून चालते. माझे गुडघे हवा पालटली की बोलायला लागतात, बाकी ठीक. माझा क्विंटस लोकरीच्या कामात बुडालाय. आईला भेटायला त्याला मेंढ्यांची परवानगी लागते असं मी त्याला म्हटलं, तर रुसून बसला.

अंजीर छान वाळले. अगदी खडखडीत.

थॅलसला सांग (म्हणजे तोच वाचतोय, तेव्हा थॅलस, तूच ऐक), काल जुनी पेटी आवरताना तुझी पाटी सापडली. चार वर्षांचा होतास. माझ्या मांडीवर बसून अक्षरं गिरवायचास, आणि क्विंटस तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा असून त्याला तुझ्यामागून लिहिता आलं. तेव्हा त्याने तुला चावा घेतला होता. खूण अजून आहे का मनगटावर?

लुसियस, तुझ्या त्या लातुमची गोष्ट मला पुन्हा एकदा सांग बघू. तो 'त' पहिल्यांदा सुचला कुणाला? तू मागे सांगितलं होतंस, पण म्हाताऱ्या माणसाचं डोकं, विसरले. सविस्तर लिही.

आणि कुठलाही निर्णय घाईने घेऊ नकोस. आपल्या घरात घाईने घेतलेले निर्णय कसे निघाले ते आठव.


रोम, नोव्हेंबरच्या इड्सनंतर तिसरा दिवस

लुसियसकडून पोपिडियाताईस, पुन्हा स्वतःच्या हाताने.

अंजीर पोचले. माझा निकाल लागला.

थॅलसने तुझं पत्र वाचलं, अंजिरांपाशी थांबला आणि म्हणाला, "बाईसाहेबांकडे अंजिराचं झाड कधीपासून?" मी म्हटलं, "बाजारातून आणून वाळवले असतील." तो म्हणाला, "असतील." हे 'असतील' त्याने कसं म्हटलं ते तू ऐकायला हवं होतंस. चोराच्या मनात चांदणं!

तेव्हापासून मी कान देऊन ऐकतोय. कुठेतरी पाणी मुरतंय ताई. स्नानगृहात नेरॅटियसचा नकलनवीस भेटला की हा त्याच्याशी हसून बोलतो. पूर्वी कामाला निघताना गुणगुणायचा, आता गप्प जातो. मी विचारलं, गाणं का बंद? तर म्हणे, "तुम्हीच म्हणालात, डोकं दुखतं." उत्तर तयारच! निरपराध माणसाची उत्तरं इतकी तयार नसतात.

'त' कुणाला सुचला ते विचारतेस. तुझ्यापासून काय लपवायचं? गेल्या हिवाळ्यात मी लातुमपाशी डोकं आपटून घेत होतो. थॅलस खाली बसून माझ्या जोड्यांचे बंद बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मालक, माझी आई सोसलेल्या, भार उचललेल्या माणसाला ग्रीकमध्ये 'त्लेतोस' म्हणायची. आधी 'त', मग 'ल'. आपलं लातुम त्यातलंच नसेल कशावरून?" मी म्हणालो, "बंद नीट बांध." आणि दुसऱ्या दिवशी ते प्रकरण लिहायला घेतलं.

आता तू म्हणशील, मग ते त्याचंच की! नाही. गुलामाच्या हाताने पिकलं ते मालकाच्या कोठारात जातं, मग डोक्याने पिकलेलं वेगळं कसं? कायदा तसाच आहे. पण त्याला ते कळत नाही, इथेच मेख आहे. त्याला वाटतं की 'त' आपला आहे. आपलाच आहे म्हटल्यावर नेरॅटियसला दिला तर चोरी कसली, असंही त्याला वाटलं असणार. पाहिलंस? जितका विचार करावा तितकं सगळं नीट जुळतं.

बोकस येऊन गेला. थॅलसला अंगणात उभं करून खांदे दाबले, दात पाहिले. "पुस्तकी माल," म्हणाला, "पण पाठ बरी आहे. जात्याला जुंपता येईल." सणासुदीत तो माणसं नेत नाही, जानेवारीच्या मध्यावर, इड्सला येईल. थॅलस अंगरखा चढवून आत गेला आणि माझी लापशी ढवळायला लागला.


पाटावियम, डिसेंबरचा दुसरा दिवस

पोपिडियाकडून लुसियसला. थॅलस, हे मोठ्याने आणि सगळं वाच.

अंजीर वाळलेले नव्हते. बुरशी लागली होती. मी खोटं लिहिलं.

जुलैमध्ये आमच्या ह्यांचा स्मृतिदिन होता. नऊ पानं मांडली होती. पाहुण्यांमध्ये जो तो आपल्या भावाची, मेव्हण्याची टिमकी वाजवत होता. कुणाचा भाऊ सेनापतीच्या तंबूत जेवतो, कुणाचा जहाजं बांधतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्या भावाने काय केलंय ते ऐका, आणि पेटीतून तुझं पुस्तक काढून आमच्या वाचकाला वाचायला लावलं. डुकराचं मांस आणि फळं यांच्या मधल्या वेळात. लातुमपाशी एक तरुण माणूस म्हणाला, "हे पुन्हा वाचा ना." त्याच्या हातात पाटी होती. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मी म्हटलं, वाच रे, पुन्हा वाच, सावकाश वाच. आणि त्या गृहस्थाला लिहायला नीट उजेड मिळावा म्हणून दिवा स्वतः उचलून त्याच्याजवळ नेऊन ठेवला.

तो नेरॅटियसचा जावई निघाला. हे मला तुझं पत्र आल्यावर, चौकशी केल्यावर कळलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लुसियस, तू माणसं तोडतोस. चुलतभावांना तोडलंस, जुन्या मित्रांना तोडलंस. आई-बाबा गेले, हे गेले, आता माझ्या बालपणाचं या जगात तुझ्यावाचून कोण उरलंय? मला वाटलं, तू रागावशील, पण थॅलसवर तुझा इतका जीव आहे की त्याला विकणं काही तुला जमायचं नाही. तुझ्या दुसऱ्या पत्राने माझे डोळे उघडले. दात पाहिले म्हणे! ज्या पोराचे दुधाचे दात मी मोजले त्याचे!

चोर मी आहे. थॅलसला वचन दिल्याप्रमाणे मोकळं कर, आणि माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस.

पत्रावरचा शिक्का ह्यांच्या अंगठीचा आहे. माझी अंगठी बोटं सुजल्यामुळे कापून काढावी लागली.


रोम, सॅटर्नालियाचा तिसरा दिवस

लुसियसकडून पोपिडियाताईस, जर हे तिच्याच हाती पडत असेल तर.

तुझ्या नावाचं एक पत्र आलं. थॅलसने वाचून दाखवलं. काय सुरेख पत्र! थॅलस निर्दोष, चोर सापडला, तोही असा की ज्याला मी हात लावू शकत नाही. मी विचारलं, "शिक्का कसला आहे?" तो म्हणाला, "हरणाचा." तुझा शिक्का कबुतराचा आहे. मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "खाली लिहिलंय की अंगठी कापावी लागली." वा! ज्या कुलपाला किल्ली हवी तिथे किल्ली तयार!

ताई, मी आंधळा आहे. कागदावर काय आहे ते मला कसं कळणार? कागदावर अंजिरांची चौकशी असेल आणि हा तोंडाने कबुलीजबाब म्हणत असेल. वाक्यं बेतायला मीच शिकवलंय त्याला. तुझी बोलण्याची ढब त्याला लहानपणापासून पाठ आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं तर माझे डोळे गेल्याचं गावभर होईल. शेजारच्या माशांचा खार विकणाऱ्याकडे गेलो, म्हटलं चेष्टा म्हणून वाच बरं. तो म्हणाला, "गुरुजी, मला रांजणावर लिहिलेलं तेवढंच वाचता येतं."

आता सॅटर्नालियाचा सण चालू आहे. रीतीप्रमाणे काल थॅलस टेकून बसला आणि मी त्याला वाढलं. एक भांडं सांडलं, बाकी जमलं. या दिवसांत गुलामाने काहीही बोलावं, मालकाने ऐकून घ्यावं. मी म्हटलं, "बोल, काय बोलायचंय ते."

"मालक," तो म्हणाला, "तुम्ही मला एवढा हुशार समजता हे कालच कळलं. बाईसाहेबांचा जावई, दिवा, डुकराचं मांस, सुजलेली बोटं, एवढं सगळं मी एका दमात रचलं?"

"नेरॅटियसचा जावई," मी म्हणालो. "ताईचा नाही. बघ, आपण काय रचलं ते तुझंच तुला आठवत नाही."

"सणाची दारू आहे हो. यंदा उन्हाळ्यात तुमच्या या कामाला हसणारं ते पत्र आलं होतं, आठवतं? 'पोपिडियस गुरुजींनी एका क्रियापदावर अकरा वर्षं घालवली, दुसऱ्यावर घालवायला त्यांना आयुष्य पुरो.' ते मी कसं वाचलं?"

"जसंच्या तसं वाचलंस."

"पदरचं घालायचं असतं तर तेव्हा चांगलं घातलं नसतं? त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत."

यावरचं उत्तर मला अंथरुणावर पडल्यावर सुचलं: खरं वाचून वाचून आधी विश्वास कमवायचा आणि नेमक्या वेळी एकदाच खोटं वाचायचं. मी त्याच्या जागी असतो तर तसंच केलं असतं.

शेवटी तो म्हणाला, "बोकसकडे पाठवायचं तर पाठवा. पण चोर म्हणून पाठवू नका. दुसरं काहीही कारण सांगा."

ताई, मला झोप येत नाही. ते पत्र खरंच तुझं असेल तर असं कर. मला एक गोष्ट लिही जी फक्त तुला नि मला ठाऊक आहे, थॅलसला माहीत असण्याची शक्यताच नाही, ज्याचा त्याला सुगावाही लागला नसेल. तो ती वाचू शकला तर ती कागदावर आहे हे मला कळेल. इड्सच्या आत पोचव. बोकस त्या दिवशी सकाळी येईल.


पाटावियम, जानेवारीचा पहिला दिवस

पोपिडियाकडून लुसियसला. घोडेस्वार दुप्पट वेगाने जायला तयार झालाय. बर्फ पडू नये एवढीच प्रार्थना.

फक्त तुला नि मला ठाऊक असलेली, थॅलसला माहीत असणं शक्यच नाही अशी गोष्ट. तू हे लिहिलंस तेव्हा तुला आठवलं का, की अशी एकच गोष्ट आहे?

मी काल दिवसभर दुसरी शोधली. लहानपणी आपण मिळून काय काय केलं ते सगळं आठवून पाहिलं. पण बाकीचं सगळं आपण कधी ना कधी जेवताना हसत हसत सांगून टाकलंय, आणि वाढायला थॅलस तिथे होता. हेच तेवढं कधी कुणाला सांगितलं नाही.

थॅलस, इथपर्यंत आलास तर थांबू नकोस. पुढचं तुझ्याबद्दल आहे. तू हे वाचलंस तर तू सुटशील, म्हणून लिहिते. नाहीतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं, आणि गेलं असतं तर बरं झालं असतं असं मला काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

लुसियस एकोणीस वर्षांचा होता. बाबांची चांदीची दौत होती, आजोबांची आठवण. लुसियसने ती एका बासरी वाजवणाऱ्या मुलीला दिली. बाबांनी दौत कुठे गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं. त्या खोलीत दोघंच जात, लुसियस आणि त्याला ग्रीक शिकवणारा गुलाम निकियास. बाबांनी लुसियसला विचारलं. तो म्हणाला, "निकियासला मी तिथून बाहेर पडताना पाहिलं." निकियास म्हणाला, मी नाही. त्याचं कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला गिरणीवाल्याला विकलं. त्याच संध्याकाळी लुसियसने रडत माझ्यापाशी सगळं कबूल केलं. मी म्हणाले, उद्या बाबांना सांगू. तो उद्या उजाडला आणि आम्ही दोघं गप्प बसलो, परवाही. मग सांगायला फार उशीर झाला असं एकमेकांना सांगितलं.

निकियास तुझा बाप, थॅलस. तुझी आई तेव्हा आमच्या शेतावर कामाला होती, तीन महिन्यांची गरोदर. तो तापाने गेला असं आम्ही तिला सांगितलं. तुला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली ती माया होतीच, पण नुसती माया नव्हती.

क्षमा मागायला हवी ती मीच. कशी मागू ते कळत नाही.


रोम, जानेवारीच्या इड्सनंतर सहावा दिवस

लुसियसकडून पोपिडियाताईस, स्वतःच्या हाताने.

पत्र पोचलं. इड्सच्याच सकाळी. बोकस अंगणात बसून भाजलेले हरभरे खात होता. मी त्याला थांबायला सांगितलं आणि थॅलसला आत बोलावून वाचायला लावलं.

'थॅलस, इथपर्यंत आलास तर' याच्यापाशी तो थांबला. मला वाटलं, आता अडकला, पुढचं रचता येत नाही याला. मला आनंद झाला ताई. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्या क्षणाला मला आनंद झाला.

मग तो पुढे वाचू लागला. दौत, बासरीवाली, निकियास. आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. शाळेत पोरांना धडा वाचून दाखवतो तसा. तीन महिन्यांची गरोदर, तेही वाचलं. क्षमेचं वाचलं. तारीख वाचली. मग कागद गुंडाळून माझ्या हातात दिला.

मला वाटलं, आता हा मला मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मालक," तो म्हणाला, "हे मी रचलं असं वाटतं?"

"नाही."

"कुठली गिरणी?"

मी हातातला कागद चाचपत राहिलो.

"गिरणीवाल्याचं नाव काय? गाव कुठलं?"

मला माहीत नव्हतं ताई. तीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं. तुला तरी माहीत आहे का? तुलाही नसणार.

तो बाहेर गेला. बोकसपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "पाटावियमच्या आसपास तीस वर्षांपूर्वी कुठल्या गिरण्या माणसं घेत होत्या?" बोकस हसला. "कशाला? जात्यावर कोणी चार वर्षांच्या वर टिकत नाही रे. तीस वर्षांचा हिशेब कोण ठेवतो!" थॅलस म्हणाला, "गिरण्यांची नावं सांगा." बोकसने पाच सांगितली, दोन अल्टिनमजवळ, तीन नदीकाठी. थॅलसने ती पाटीवर लिहून घेतली. खरवडण्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. मग मी बोकसला घालवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्यायाधीशापुढे गेलो. रीतीप्रमाणे मी त्याचा हात धरला, त्याला एक गिरकी दिली आणि हात सोडला. झाला मोकळा. कारकुनाने त्याचं नवं नाव मोठ्याने वाचलं: लुसियस पोपिडियस थॅलस. मोकळं करणाऱ्याचं नाव घ्यायचं असतं, कायदाच तसा आहे. ते ऐकून मी मान खाली घातली. आता तो माझं नाव लावून आपल्या बापाला शोधत हिंडणार.

घरी येताना मी त्याला म्हटलं, "पुस्तकात लातुमच्या प्रकरणावर तुझं नाव घालतो. नेरॅटियसवर फिर्याद करतो. सगळ्यांना सांगतो की हे तुझं."

"कुठलं नाव घालणार?" त्याने विचारलं. "आज सकाळचं?"

पुस्तक नेरॅटियसला लखलाभ असो. मी ते पुन्हा उघडणार नाही.

कायद्याने मी त्याला थांबवून घेऊ शकलो असतो. मोकळा झालेला गुलाम मालकाला काही सेवा देणं लागतो. मी त्याबद्दल बोललो नाही. परवा तो निघाला. निघण्याआधी माझ्या औषधाच्या बाटल्यांना दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्यात. एक गाठ सकाळची, दोन गाठी रात्रीची. लोकरीच्या गाड्यांबरोबर येतोय, म्हणजे तुझ्याच गावावरून जाईल. तुझ्या दारी थांबेल की नाही ते त्याने सांगितलं नाही. थांबलाच तर त्याला जेवू घाल आणि त्याने विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दे.

काल मी शाळेत पोरांच्या बापांना बोलावलं आणि मला दिसत नाही हे सांगून टाकलं. निम्म्यांनी लगेच पोरं नेली. काही म्हणाले, आम्हाला केव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं मी कुणापासून लपवत होतो कोण जाणे.

उत्तर लिहिशील ते मी उशाखाली ठेवीन, पण त्यात काय आहे ते मला कळणार नाही. बाजारात वाचणारे पुष्कळ मिळतात असं क्विंटस म्हणेल. मिळतात. पण आपल्याच बापाला विकल्याचं पत्र एक शब्दही न गाळता ज्याने वाचून दाखवलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवला नाही. आता दुसऱ्या कुणावर ठेवू?